कम्युनिस्ट राजवटीत चर्चचं लाइटबिल कोण भरायचं?

मृण्मयी_रा

नवऱ्याच्या नोकरीमुळे गेलं दीड वर्ष आम्ही पोलंडला क्राकुवमध्ये राहतोय. इथून ट्रामने अर्ध्यापाऊण तासावर नोव्हा हुता आहे. १९४९ नंतर सरकारने पोलादाच्या कारखान्यासाठी वसवलेलं अख्खं नवं शहर. रुंद रस्ते, कामगारांना चांगली घरं, शाळा, दवाखाने, नाट्यगृह, सगळं आखून दिलं, फक्त चर्च आराखड्यातच नव्हतं. लोकांनी मागून मागून १९५७ मध्ये एका जागेची परवानगी मिळवली, तिथे क्रॉस उभा केला, आणि पुढे सरकारने परवानगी फिरवून त्याच जागी शाळा बांधायला घेतली. १९६० च्या एप्रिलमध्ये माणसं क्रॉस उपटायला आली तर बायकाच पुढे झाल्या आणि मोठी दंगल झाली. शेवटी १९६७ मध्ये दुसरीकडे काम सुरू झालं ते १९७७ ला पुरं झालं. उद्घाटनाची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य सामूहिक प्रार्थना, केली कार्डिनल वोयतिवा यांनी, जे पुढच्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे झाले.

त्या चर्चचं नाव 'आर्का पाना', म्हणजे प्रभूचं तारू. बाहेरच्या भिंतींना वीस लाख गोटे लावलेत, नदीतले गुळगुळीत. देशभरातून लोकांनी गोळा करून पाठवलेले. आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या पुढे आहेत, त्या शाळेत असताना सुट्टीत आजोळी गेल्या की दुनायेत्स नदीत गुडघाभर पाण्यात उतरून गोटे वेचायच्या. अंड्याएवढे हवेत असा निरोप होता म्हणे, फार मोठा निघाला की आजी परत पाण्यात टाकायला लावायची. त्या मला भिंतीपाशी घेऊन गेल्या आणि एका जागी हात फिरवून म्हणाल्या, माझे इथेच कुठेतरी असतील.

तेव्हापासून एकच विचार डोक्यात आहे. गोटे नदीतून फुकट आले. पण सिमेंट, लोखंड, फादरांचं जेवणखाण, हिवाळ्यात कोळसा, छपराची गळती, लाइटबिल? कारखाने सरकारचे, बँका सरकारच्या, जमिनी बऱ्याच सरकारच्या आणि सरकार देव न मानणारं. मग पैसा यायचा कुठून? पोलंडच नाही, रशिया, चेक, पूर्व जर्मनी, कुठलंही चालेल. इथे पूर्वी तिकडे शिकलेली मंडळी आहेत, जरा सविस्तर लिहा.

चहाबिस्कुट

दानपेटी की. देऊळ असो चर्च असो, शेवटी पेटीच.

नेवाकाठ

चहाबिस्कुट, उत्तर बरोबर आहे, पण ती पेटी कोणाच्या ताब्यात हा खरा प्रश्न असायचा.

मी १९८४ ते ८९ लेनिनग्राडला होतो, इंजिनिअरिंगला. घरी सोव्हिएत लँडचे अंक यायचे, मॉस्कोत छापलेली मराठी पुस्तकं यायची, त्या ओढीने गेलो. शहरातलं मोठं कझान कॅथेड्रल म्हणजे धर्म आणि नास्तिकतेचं म्युझियम होतं. पण निकोल्स्की कॅथेड्रल चालू होतं, निळं-पांढरं, सोनेरी घुमटांचं. आमच्या होस्टेलवरच्या सफाईच्या आजी मला एका रविवारी तिथे घेऊन गेल्या. आत बसायला बाक नाहीत, सगळे उभे, खच्चून गर्दी आणि नव्वद टक्के म्हाताऱ्या बायका. दाराशी एक टेबल, त्यावर मेणबत्त्यांच्या जुड्या आणि कागदाचे कपटे. कपट्यावर घरच्यांची नावं लिहायची, जिवंत वेगळी आणि गेलेले वेगळे, सोबत काही कोपेक ठेवायचे, मग ती नावं प्रार्थनेत वाचली जायची. मेणबत्ती विकत घेतली तरी गर्दीतून पुढे जाता यायचं नाही, मग पुढच्याच्या खांद्यावर टकटक करायचं, मेणबत्ती द्यायची आणि संताचं नाव सांगायचं, तो त्याच्या पुढच्याला टकटक करणार. माझी मेणबत्ती अशी दहाबारा हातांतून पुढे गेलेली मी बघत होतो. अर्धी जळली की एक बाई ती काढून डब्यात टाकायची, ते मेण परत वितळवायला जायचं. चर्चची मोठी कमाई म्हणजे ही, मेणबत्ती आणि कपटे. नामकरण, लग्न, अंत्यविधी याचे पैसे वेगळे.

आता कायदा. १९१८ च्या जानेवारीतल्या हुकुमाने चर्चची सगळी मालमत्ता सरकारजमा झाली आणि चर्च ही कायद्याने संस्थाच उरली नाही, म्हणजे स्वतःच्या नावावर काही ठेवताच येईना. १९२९ च्या कायद्याने असं ठरलं की विसेक सज्ञान माणसांनी अर्ज करायचा, इमारत आणि आतली भांडीकुंडी सरकार त्यांना वापरायला देणार. भाडं नाही. पण दुरुस्ती त्यांची, विमा त्यांचा, कर त्यांचा. आणि विजेचा दर घरगुती दराच्या कितीतरी पट. तेव्हा मृण्मयीताई, लाइटबिल त्या म्हाताऱ्याच भरायच्या, आणि चढ्या दराने भरायच्या.

नांगरफाळ

एकच बाजू येतेय म्हणून लिहितो. क्रांतीच्या आधी रशियन चर्च म्हणजे झारशाहीचं खातंच होतं. मठांच्या मालकीच्या प्रचंड जमिनी, सरकारी तिजोरीतून पैसा, शाळांवर ताबा. धर्म आणि सरकार वेगळं करा, ज्याला देव पाहिजे त्याने स्वतःच्या खिशातून खर्च करावा, यात चूक काय? फ्रान्सने १९०५ मध्ये हेच केलं, त्यांना कोणी नावं ठेवत नाही. वर बिनभाड्याची इमारत दिली म्हणताय. आपल्याकडे कोण देतं?

नेवाकाठ

स्वतःच्या खिशातून करा एवढंच म्हणाले असते तर मी पण टाळ्या वाजवल्या असत्या. पण खिशातून करायलाही बंदी होती हो. १९२९ च्या त्याच कायद्यात लिहिलंय, गरिबांना मदत करायची नाही, मदतनिधी काढायचा नाही, मुलांसाठी काही चालवायचं नाही, वाचनालय नाही. पैसा घ्यायचा तो फक्त पूजेपुरता. शेजारच्या विधवेला चर्चच्या पेटीतून पावशेर साखर दिली तरी तो गुन्हा.

१९२१-२२ चा दुष्काळ घ्या. व्होल्गाकाठी लाखो लोक उपाशी मेले. रशियन चर्चचे प्रमुख, पॅट्रिआर्क तिखोन यांनी स्वतःहून सांगितलं होतं की पूजेत थेट न लागणाऱ्या मौल्यवान वस्तू भुकेल्यांसाठी द्या. चर्चने दुष्काळ समिती काढली तर सरकारने ती बंद करवली. मग फेब्रुवारी १९२२ मध्ये हुकूम काढून सगळंच सोनंचांदी जप्त करायला घेतलं, पूजेच्या पेल्यांसकट. शुया नावाच्या गावात लोक आडवे आले तर गोळीबार झाला, माणसं मेली, आणि तिखोन नजरकैदेत. हे निव्वळ धर्म-सरकार वेगळं करणं नव्हतं.

कर तर विचारूच नका. पाद्री मंडळींना १९४३ च्या आयकर कायद्याचं १९ वं कलम लागायचं, वरच्या टप्प्याला ८१ टक्के. ऐंशीच्या दशकात तो ६९ वर आणला तर लोकांना सुटल्यासारखं वाटलं.

खेकडाभजी

८१ टक्के?? मी ३० टक्क्यांच्या स्लॅबवरून घरी भांडतो.

वसईवाला

वाचतोय, फार छान चाललंय. एक छोटी दुरुस्ती, आम्ही 'पाद्री' म्हणत नाही, धर्मगुरू म्हणतो किंवा सरळ फादर. राग नाही, सहज सांगितलं.

आमच्या वसईत सांगायचं तर रविवारच्या मिस्सेत थैली फिरते, सणाला लोक जास्त देतात, लग्न-मयताचं वेगळं, शिवाय कोणी आईवडलांच्या नावाने मिस्सा सांगतं त्याचे पैसे. फादर घरं आशीर्वादायला येतात तेव्हाही पाकीट देतात. माझी आजी आदल्या दिवशी अंगण सारवून घ्यायची आणि पाकीट देवाच्या तसबिरीमागे तयार ठेवायची. त्यात किती आहेत ते आजोबांनाही सांगायची नाही. तेव्हा नेवाकाठ काकांचे कपटे वाचून मला एकदम घरचं वाटलं.

मला विचारायचंय की फादरांना सरकारनेच पगार दिला असं कुठे झालं का?

अनघा_ब्रनो

झालं ना वसईवाला, आमच्या चेकमध्ये तेच झालं. मी अकरा वर्षं ब्रनोत आहे.

१९४८ मध्ये कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि १४ ऑक्टोबर १९४९ ला कायदा क्रमांक २१८ केला. चर्चच्या आर्थिक तरतुदीचा कायदा. ऐकायला किती चांगलं, नाही का? सरकार म्हणालं, काळजी करू नका, धर्मगुरूंचा पगार आम्ही देऊ. जमिनी, जंगलं, इमारती एकेक करून सरकारकडे गेल्या होत्याच. बदल्यात पगार, तोही तुटपुंजा आणि वर्षानुवर्षं तिथेच अडकलेला. आणि गोम अशी की धर्मकार्य करायचं तर 'सरकारी संमती' लागायची. सत्याग्रहासारखं मोठं काही करायची गरज नाही, पोरांना जास्त जमवलं, प्रवचनात एखादं वाक्य वावगं गेलं, की संमती काढून घ्यायचे. संमती गेली की पगार गेला, आणि लपून मिस्सा केली तर खटला.

मिलोस्लाव व्ल्क, जे पुढे प्रागचे आर्चबिशप आणि कार्डिनल झाले, त्यांची संमती १९७८ मध्ये काढली. आठ वर्षं त्यांनी प्रागमध्ये दुकानांच्या काचा पुसल्या. दुका नावाचे दुसरे कार्डिनल, ते पिल्झेनला श्कोडाच्या कारखान्यात ड्रॉइंग काढायचे. स्लोव्हाकियात कोरेत्स तर गुपचूप बिशप झालेले आणि दिवसा कारखान्यात कामगार, तेही पुढे कार्डिनल.

आमच्या खालच्या मजल्यावरचे आजोबा सांगतात की त्यांच्या गावचे फादर संमती गेल्यावर बॉयलर पेटवायच्या कामाला लागले. पहाटे चारला कोळसा ओढायचे. गावातल्या बायका आळीपाळीने बॉयलरच्या खोलीत डबा ठेवून यायच्या, आणि डबा परत यायचा तेव्हा त्यात कधीकधी चिठ्ठी असायची की गुरुवारी अमक्याच्या स्वयंपाकघरात. तिथे मिस्सा व्हायची, पडदे ओढून, आठदहा माणसांची. हे फादर मग कोणाच्या पैशावर जगत होते? सरकारी बॉयलरच्या पगारावर आणि बायकांच्या डब्यावर.

गुरवाचा_नातू

अनघाताई, जमीन घेऊन पगार द्यायचा हे वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे देवळाची इनाम जमीन होती, पणजोबा गुरव. जमिनीच्या उत्पन्नातून दिवाबत्ती, नैवेद्य, वाजंत्री आणि आमचं पोट. पुढे कायदे बदलत गेले, कुळं लागली, हातात राहिलं सरकारी वर्षासन. ते आणायला आजोबा तालुक्याला जायचे तर एसटीचं भाडं त्याहून जास्त व्हायचं. तरी जायचे, कारण नोंद तुटली तर हक्क तुटेल. इथे कम्युनिस्ट नव्हते, आणि कुळांनाही जमीन मिळायलाच हवी होती हे मी मानतो, पण देवाच्या दिव्याचं तेल मग कुठून यायचं हा प्रश्न आमच्या घराने रोज बघितलाय. शेवटी गावाने वर्गणी काढली, अजून चालू आहे.

मृण्मयी_रा

गुरवाचा_नातू, तुमचं वाचून इथलं एक सांगते. पोलंडमध्ये २० मार्च १९५० ला चर्चच्या जमिनी घ्यायचा कायदा झाला. त्या कायद्यातच लिहिलं की या जमिनींच्या उत्पन्नातून 'चर्च निधी' काढू आणि तो धर्मकार्याला वापरू. आमच्या घरमालकीणबाईंना विचारलं तर त्या हसल्याच, म्हणाल्या आमच्या फादरांना त्यातून काही मिळाल्याचं कधी ऐकलं नाही. चर्चची 'कारितास' ही मदतसंस्था पण त्याच वर्षी जानेवारीत सरकारने ताब्यात घेतली होती.

इथे फादरांना सरकारी पगार नव्हता. दोन गोष्टींवर सगळं चालायचं. एक 'तात्सा', म्हणजे शब्दशः ताट, रविवारी फिरतं ते. दुसरं 'कोलेंदा'. नाताळनंतर फादर घरोघरी जातात, घर आशीर्वादतात, लोक पाकीट देतात. वसईवाला, तुमच्या आजीची तसबीर वाचून मी बाईंना लगेच सांगितलं, त्या म्हणाल्या त्यांच्याकडे पाकीट पांढऱ्या टेबलक्लॉथच्या घडीखाली असायचं. अजूनही असतं! या जानेवारीत मी स्वतः बघितलं.

सरकारने साठीच्या दशकात सगळ्या चर्चना मालमत्तेच्या नोंदवह्या ठेवायला सांगितलं, कर बसवायला. बऱ्याच फादरांनी त्या ठेवायला साफ नकार दिला, दंड झाले, जप्त्या झाल्या. जप्तीत फर्निचर नेलं की गावकरी लिलावात तेच विकत घेऊन परत आणून द्यायचे, असं बाईंच्या आईने त्यांना सांगितलेलं.

चहाबिस्कुट

लिलावातून टेबल परत आणलं हे वाचून डोळ्यात पाणी आलं. मी वर एका ओळीत उत्तर देऊन मोकळा झालो होतो.

सॅक्सनी_सातारा

पूर्व जर्मनीचं मी लिहितो. लायपझिगला आहे, बायको इथलीच, सासरे प्रोटेस्टंट चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे.

जर्मनीत चर्च-कर असतो, सरकार पगारातून कापून चर्चला देतं. पूर्वेकडे कम्युनिस्ट सरकारने पन्नाशीच्या दशकात वसुलीतून अंग काढून घेतलं. कर कागदावर राहिला, पण द्यायचा की नाही हे ज्याच्या त्याच्या मनावर. सासूबाई दर वर्षी चर्च कार्यालयात जाऊन रोख भरून यायच्या. त्यात काय होणार? सदस्य आटत चालले, इमारती जुन्या आणि महायुद्धात अर्ध्या पडलेल्या.

मग खरा पैसा कुठला, तर पश्चिमेचा. पश्चिम जर्मनीतल्या चर्चना इकडच्या भावंडांना पैसे पाठवायचे होते. नोटा थेट पाठवता येत नव्हत्या. तेव्हा १९५७ पासून एक व्यवस्था झाली. पश्चिमेच्या चर्चने पूर्व जर्मनीच्या सरकारी व्यापार खात्याला माल द्यायचा, पोलाद, तांबं, रबर, कॉफी असलं काही जे इकडे मिळत नव्हतं. त्याच्या किमतीइतके पूर्वेचे मार्क हे सरकार इकडच्या चर्चला देणार. म्हणजे सासऱ्यांच्या ऑर्गनची नळी दुरुस्त झाली ती हॅम्बुर्गकडून आलेल्या कॉफीच्या पोत्यावर, असं धरा. सरकारला मालाची निकड होती म्हणून चर्चला श्वास मिळाला. ७८ नंतर तर नव्या वसाहतींमध्ये नवी चर्चही बांधू दिली, पश्चिमेचे मार्क येणार म्हणून.

याच वाटेने दुसराही व्यवहार झाला, तो लिहिताना हात जड होतो. पूर्वेच्या तुरुंगातल्या राजकीय कैद्यांना पश्चिम जर्मनीने पैसे देऊन सोडवलं. साठीच्या सुरुवातीपासून १९८९ पर्यंत ३३ हजारांहून जास्त माणसं, आणि तीन अब्जांहून जास्त मार्क, तेही बरेचसे मालाच्या रूपात. हे सगळं प्रोटेस्टंट चर्चच्या श्टुटगार्टच्या सेवासंस्थेमार्फत व्हायचं. सासूबाईंच्या मामेभावाला असं सोडवलं. तो बसमधून पलीकडे गेला तेव्हा त्याला माहीतही नव्हतं की आपल्या बदल्यात किती तांबं इकडे आलं.

नांगरफाळ

हे मला खरंच माहीत नव्हतं. सॅक्सनी_सातारा, मनापासून आभार. माणसांच्या बदल्यात माल घेणाऱ्या सरकारला मी समाजवादी म्हणणार नाही.

पण मुद्दा सोडत नाही. पूर्व जर्मनीत सरकारी विद्यापीठांत धर्मशास्त्राचे सहा विभाग सरकारी खर्चाने चालू होते, बर्लिन, लायपझिग, हाले, येना, रोस्टॉक, ग्राइफ्सवाल्ड. हंगेरीत १९५० च्या ऑगस्टमध्ये बिशपांशी करार झाला, त्यात सरकारने अनुदान द्यायचं कबूल केलं आणि ठरलेल्या मुदतीनंतरही दिलं. सगळीकडे नुसता छळ होता असं नाही.

अनघा_ब्रनो

नांगरफाळ, अनुदान होतं हे मी वरच लिहिलंय की! माझं म्हणणं एवढंच आहे की ज्याच्या हातात पगाराचा दिवस त्याच्या हातात प्रवचन. हंगेरीतही शाळा गेल्या, कॅथलिकांना आठच हायस्कुलं परत मिळाली आणि धर्मसंघ जवळजवळ सगळे मोडले, त्या बदल्यातलं अनुदान ते. मी चर्चला जाणारी नाही, इथले बहुतेक लोकही जात नाहीत. पण त्या बॉयलरवाल्या फादरांचा विचार केला की मला ते अनुदान फार महाग वाटतं.

आणि गंमत बघा, तो १९४९ चा कायदा ८९ नंतरही गेला नाही. वीस-बावीस वर्षं लोकशाही सरकारही त्याच कायद्याने पगार देत होतं, कारण जमिनी परत देण्यावरून एकमत होईना. शेवटी २०१२ ला कायदा झाला, काही मालमत्ता परत, बाकीसाठी ५९ अब्ज क्राउन तीस वर्षांत, आणि सरकारी अनुदान सतरा वर्षांत हळूहळू बंद. इथे यावर एवढी भांडणं झाली की ऑफिसात हा विषय काढायची सोय नव्हती.

तळकोकणी

अल्बानियाचं कोणी लिहिलं नाही. तिथे १९६७ मध्ये सगळी चर्च आणि मशिदी बंदच केल्या, कोठारं केली, खेळाचे हॉल केले. दिव्याचा खर्चच ठेवला नाही. नव्वदीत उघडल्या तेव्हा लोकांनी जमिनीत पुरलेल्या मूर्ती-तसबिरी काढून आणल्या.

आणि चीन. मी बोटीवर होतो, ९० च्या आसपास शांघायला उतरलो तेव्हा एका चर्चमध्ये गेलो. तिथे सरकारमान्य चर्चचं तत्त्वच असं की स्वतःचा कारभार, स्वतःचा पैसा, स्वतःचा प्रचार, परदेशी मिशनचा एक पैसा नको. पन्नास साली अमेरिकेशी बिनसल्यावर मिशनचा पैसा थांबलाच होता. तिथला म्हातारा राखणदार मोडक्या इंग्रजीत सांगत होता की चर्चची बाजूची खोली परत मिळाली आणि ती भाड्याने दिली म्हणून छप्पर झालं.

खेकडाभजी

मग ५७ चं केरळ पण घ्या, तिथेही कम्युनिस्ट आणि चर्च समोरासमोर होते, शिक्षण विधेयकावरून.

नांगरफाळ

केरळचं निवडून आलेलं सरकार होतं, त्याला इथे ओढू नका. शाळांतल्या शिक्षकांना पगार थेट सरकारने द्यायचा आणि नेमणुकीत मनमानी नको, एवढा मुद्दा होता. ते सरकार ५९ ला बरखास्त केलं. चर्च कोणी बंद केली नव्हती.

वसईवाला

त्यावर माझं मत वेगळं आहे, माझी आत्या त्रिशूरला नन होती...

धागासांभाळ

केरळसाठी नवीन धागा काढा, सगळे येतील. इथे मूळ प्रश्नावर राहूया. वसईवाला, आत्याचं तिकडे नक्की लिहा.

नेवाकाठ

मूळ प्रश्नावर एक राहिलं होतं. रशियात पैसा जमायचा तो जायचा कुठे?

युद्धात लोकांनी चर्चमध्ये रणगाड्यांसाठी पैसे दिले. 'दिमित्री दोन्स्कोय' नावाचं चाळीस रणगाड्यांचं पथक १९४४ मध्ये सैन्याला दिलं, त्यासाठी ऐंशी लाखांच्या वर रुबल जमले. ज्यांची देवळं पाडली, ज्यांच्या धर्मगुरूंना छावण्यांत घातलं, त्यांनी दिले. १९४३ मध्ये स्टालिनने तीन बिशपांना रात्री क्रेमलिनला बोलावून चर्चला जरा मोकळीक दिली.

मग स्टालिननंतर आलेल्या ख्रुश्चेव्हने परत आवळलं. १९५८ मध्ये मेणबत्तीच्या कारखान्यांवर कर वाढवला. १९६१ मध्ये धर्मगुरूंना हिशेबातूनच बाहेर काढलं, तीन माणसांची कार्यकारिणी सगळं बघणार आणि फादर त्यांचे पगारी नोकर. त्या तिघांत कोण असावं हे स्थानिक अधिकारी ठरवू शकत. मग चर्चमधला पैसा 'शांतता निधी'ला 'स्वेच्छेने' जायला लागला. आमच्या त्या सफाईच्या आजी, त्यांची बहीण एका छोट्या चर्चमध्ये मेणबत्त्यांच्या टेबलावर बसायची. ती सांगायची की छप्पर गळतंय, पत्रे आणायची परवानगी मिळत नाही, आणि वर्षाअखेरीस निधीला इतके पाठवा म्हणून फोन येतो. या बहीणबाई रात्री डब्यातली नाणी मोजायच्या, कोपेकच्या चळती करून वर्तमानपत्रात गुंडाळायच्या. त्यांच्या बोटांना मेण आणि तांब्याचा वास यायचा, चहाचा ग्लास हातात दिला तरी यायचा. मी विचारलं की तुम्हाला राग नाही येत? त्या म्हणाल्या, शांतता तर आम्हालाच सगळ्यात जास्त हवी आहे, माझे दोन भाऊ लेनिनग्राडच्या वेढ्यात गेले. पण पत्रे दिले असते तर बरं झालं असतं.

गुरवाचा_नातू

काका, हे वाचून थोडा वेळ काही लिहिता आलं नाही.

सॅक्सनी_सातारा

मृण्मयीताई, आर्का पानाच्या सिमेंटचं काही कळलं का? मूळ प्रश्न तोच होता तुमचा.

मृण्मयी_रा

हो, त्यासाठीच आज परत लिहितेय. रविवारी बाईंकडे चहाला गेले होते, तुमचे सगळ्यांचे प्रतिसाद त्यांना जमेल तसे पोलिशमध्ये सांगितले. नेवाकाठ काकांच्या आजींवर त्या बराच वेळ गप्प होत्या.

बांधकामाला बाहेरच्या देशांतूनही मदत आली, हात लावायला स्वयंसेवक आले, बाईंचे मोठे भाऊ दर शनिवारी विटा-वाळू ओढायला जायचे. पण रोजचा पैसा लोकांचाच. मग त्यांनी कपाटातून आईचं प्रार्थनेचं पुस्तक काढलं. त्यात पानांमध्ये बोटभर लांबीचे कागद ठेवलेले, पिवळे पडलेले, प्रत्येकावर चर्चचं छोटं चित्र आणि रक्कम छापलेली. याला इथे 'त्सेगेव्का' म्हणतात, म्हणजे छोटी वीट. पैसे दिले की ही वीट मिळायची. मी मोजल्या, एकतीस निघाल्या. बहुतेक वीस झ्लोटींच्या, एकच शंभरची. ती शंभरची बाईंच्या धाकट्या भावाचा जन्म झाला त्या महिन्यातली.

मी विचारलं की तुमची आई नोकरी करायची का. नाही म्हणाल्या, आई घरीच. पैसे वडलांच्या पगाराचे, वडील पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर. कारखान्याचं नाव तेव्हा लेनिन कारखाना. चर्चला पैसे देतो हे फोरमनला कळू नये म्हणून वडील कधी विटा मिळायच्या त्या खिडकीपाशी गेले नाहीत, पगाराच्या संध्याकाळी ते वीस झ्लोटी बाजूला काढून टेबलक्लॉथच्या घडीखाली सरकवायचे आणि काही न बोलता हात धुवायला जायचे. सकाळी आई ते घेऊन जायची.

फोटो काढू का विचारलं तर नको म्हणाल्या. मग त्यातली एक वीट माझ्या तळहातावर ठेवली, वीस झ्लोटींची, आणि बघून झाल्यावर परत त्याच पानात घातली.